वायरीचं मोकळं टोक

आमच्या घराण्यातल्या पुरुषांना देवानं सगळं दिलं, माघार घ्यायची अक्कल तेवढी द्यायची राहिली. सासरे तसेच होते म्हणतात. थोरले दीर आनंदादादा तसेच, आणि आमचे हे, प्रभाकर, त्यांच्याहून काकणभर सरस. मी किशोरी, या घराची धाकटी सून. माझं निम्मं आयुष्य या दोन भावांमधल्या गल्लीत गेलं.

गल्ली म्हणजे खरोखरची गल्ली. पनवेलच्या खाडीकडच्या अंगाला आमचं गाव. मिठागरं गेली, शेतं गेली, टॉवर आले, डोक्यावरून विमानं जायला लागली, पण गावठाण आहे तिथंच आहे. तिथं दोन भावांचे दोन बंगले समोरासमोर आहेत. दादांच्या ओटीवर कोणी शिंकलं तर आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येतं. एवढ्या अंतरावर राहून माणसं एकमेकांचं तोंड बघत नव्हती.

कारण सांगायचीही लाज वाटते. दादांच्या थोरल्या मुलीच्या, दिपिकाच्या हळदीचा बॅनर! आमच्याकडं हळद म्हणजे लग्नाहून मोठं प्रकरण, आणि नाक्यावर बॅनर लागला नाही तर हळद झालीच नाही असं धरतात. त्या बॅनरवर पुढारी होते, दादांचे मित्र होते, दादांचा शर्यतीचा बैल होता. सख्ख्या भावाचा फोटो नव्हता. छापणाऱ्याकडून राहिला, असं दादा म्हणाले. "बैल बरा राहिला नाय?" असं हे म्हणाले. मग शब्दानं शब्द वाढला.

माझ्या सासूबाई भामाबाई. मी त्यांना आई म्हणायचे. गावात लग्न कोणाच्याही घरचं असो, विधींची गाणी, म्हणजे धवले, गायला त्यांनाच बोलावणं. त्या दिवशी नातीच्या हळदीला त्या मांडवात धवला गात होत्या. यांनी भर मांडवात दादांच्या दाराकडं बोट केलं आणि म्हणाले, "या उंबऱ्याच्या आत पाय टाकला तर आयची आन हाय." आई गाता गाता थांबल्या. तो धवला पुढं दुसऱ्या बायांनी कसाबसा पुरा केला.

आईची आन म्हणजे आमच्यात चेष्टा नाही. मोडली तर जिच्या नावानं घेतली तिच्यावर येते. उतरवायची तर दोघा भावांनी गावदेवीपुढं उभं राहून मिळून एक नारळ फोडायचा. नारळ मी आणून ठेवला होता. तो फळीवर सुकून खडखडायला लागला, पण आधी 'चल' कोणी म्हणायचं यावर दोघांचं घोडं अडलं ते अडलंच.

आई हिंडत्या-फिरत्या होत्या तोवर निभलं. राहायच्या दादांकडं, पण रोज गल्ली ओलांडून आमच्याकडं यायच्या, यांच्या ताटात डोकावायच्या, "जेवलास का?" विचारायच्या आणि जायच्या. मग त्या न्हाणीत पडल्या. खुबा मोडला, खाट धरली. त्या येऊ शकत नव्हत्या आणि हे जाऊ शकत नव्हते. मी जायचे, अंग पुसायला, भात भरवायला. परत आले की हे विचारायचे, "कशी हाय?" मी म्हणायचे, "जाऊन बगा." मग दोन दिवस विचारायचे नाहीत.

मार्ग काढला तो दादांच्या धाकट्या मुलीनं, प्राचीनं. ती एका कंपनीत कॉम्प्युटरचं काम करते. दादांच्या घरात चोरांच्या भीतीनं कॅमेरे लावलेलेच होते. आणखी एक आजीच्या खाटेसमोर लावायचा आणि त्याचं चित्र काकांच्या टीव्हीवर आणायचं, असं तिनं ठरवलं. दादांनी एकच अट घातली. "आयचं अंग पुसतात, लुगडं बदलतात. ते मोबाईलवर, इंटरनेटवर कुठं जाता कामा नाय. या घरातून त्या घरात, बस." त्यांचं म्हणणं रास्त होतं. म्हणून प्राचीनं या गच्चीवरून त्या गच्चीवर वायर टाकली आणि आमच्या हॉलमध्ये उतरवली.

आमचं इंटरनेट कधीच बंद केलेलं, पण त्याचा जुना राउटर कपाटावर धूळ खात होता. प्राचीनं तो खाली काढला, पुसला आणि आपल्या लॅपटॉपला जोडून काहीतरी खटपट केली. म्हणाली, "काका, हा आता राउटर नाही. याचं डोकं मी काढून घेतलंय. आता हा नुसता वायरी जोडायचा डबा." मला तिनं समजावून सांगितलं. प्रत्येक यंत्राला एक नंबर लागतो आणि नंबर वाटणारा घरात एकच असावा लागतो. ते काम तिकडचा मोठा राउटर करतो. यानंही वाटायला सुरुवात केली तर गोंधळ होतो, म्हणून याचं वाटप बंद केलं. "एका घरात दोन कारभारी चालत नाहीत, काकी." मी म्हटलं, "बाय, हे तुझ्या बापाला आनि काकाला सांग."

डब्याला पाच भोकं होती. निळं बाहेरच्या जगाचं. त्याला हात लावायचा नाही म्हणून तिनं त्यावर चिकटपट्टी मारली. पिवळी चार घरातली. एकात तिकडून आलेली वायर, दुसऱ्यात हॉलमधल्या टीव्हीची, तिसऱ्यात आतल्या खोलीतल्या लहान स्क्रीनची, म्हणजे काकांना पडल्या पडल्याही आजी दिसावी. चौथं रिकामं राहिलं.

चित्र आलं तेव्हा हे खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. आवाज नव्हता, नुसतं चित्र. प्राचीनं तिकडं जाऊन आजीला कॅमेरा दाखवला आणि यातून काका बघतोय असं सांगितलं. आईंनी आधी डोक्यावरचा पदर सारखा केला. मग हात वर केला. त्यांचे ओठ हलले आणि यांना ते इथं बसून वाचता आले. "जेवलो गो आय," हे टीव्हीला म्हणाले. त्यानंतर रोज संध्याकाळी हेच. तिकडून हात वर व्हायचा, इकडून उत्तर जायचं, ते तिकडं पोचायचं नाही, आणि दोघंही समाधानी. मी हसायचे.

यांची एक सवय सांगायला हवी. यांची सगळी नोकरी तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत झाली, पाइपलाइनवर. तिथं पाइपाचं तोंड उघडं ठेवणं हा सगळ्यात मोठा गुन्हा. सोडवलेल्या पाइपावर झाकण बसवल्याशिवाय पाळी सोडायची नाही. एकदा कोणाकडून तोंड उघडं राहिलं आणि यांच्या डोळ्यांदेखत बरोबरचा माणूस कोसळला. तेव्हापासून घरात काहीही उघडं दिसलं की यांचा जीव घाबरा होतो. रिकाम्या बाटलीलाही बूच लावतात. बागेतल्या नळीच्या तोंडात लाकडाची खुंटी मारून ठेवतात. मी थट्टा करायचे, पण नोकरी सुटली म्हणून अंगातली नोकरी सुटत नाही.

तर आतल्या खोलीतला स्क्रीन बिघडला. यांनी तो काढून दुरुस्तीला दिला आणि त्याची वायर गुंडाळून हॉलमध्ये डब्याशेजारच्या खिळ्याला अडकवली. तिचं एक टोक डब्यात होतंच, दुसरं लोंबत राहिलं. दुपारी जेवण झालं, आई तिकडं झोपलेल्या म्हणून टीव्ही बंद होता. हे सुपारी चघळत त्या लोंबत्या टोकाकडं बघत बसले. मग उठले, ते टोक उचललं आणि डब्याच्या रिकाम्या भोकात बसवलं. टक् असा आवाज आला. "वायरीचं पन तोंड उघडं, डब्याचं पन उघडं. दोनी बंद झाली," म्हणाले आणि निश्चिंत झोपले.

संध्याकाळी टीव्ही लावला तर पडदा काळा. आई नाहीत, खाट नाही, काही नाही.

यांनी डबा बघितला. एरवी त्याचा एखादा दिवा मिचमिचायचा. आता सगळे दिवे एकदम नाचत होते, वरातीत नाचावं तसे. "बग, आपला डबा जोरात चाललाय," हे म्हणाले. "बंद तिकडून केलाय." मी प्राचीला फोन लावला. ती ट्रेनिंगसाठी पुण्याला गेली होती आणि घाईत होती. म्हणाली, डबा बंद करून चालू करा. केला. "दिवे लागतात?" मी म्हटलं, सगळे लागतात, नाचतात नुसते. "मग तुमच्याकडं ठीक आहे, काकी. आमच्या घरीच काहीतरी झालं असेल. बाबांना सांगते." फोन स्पीकरवर होता. यांनी ते ऐकलं आणि माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की कोर्टाचा निकालच लागला.

मी स्वतः तिकडं जाऊन विचारलं. दादांचंही इंटरनेट गेलं होतं. "आमचा पन टीवी बंद हाय," ते म्हणाले. "कंपनीला कळवलाय, मानूस यायचाय. मी कशाला बंद करू?" हे मी घरी येऊन सांगितलं. "तू त्यांचीच री ओढनार," असं उत्तर मिळालं.

यांच्या मनानं घेतलं ते असं. दादांनी चित्र मुद्दाम तोडलं. म्हणजे आईला बघायला मी तडफडेन, उंबरा ओलांडून जाईन, आन मोडेन आणि गावात दादांची मान ताठ राहील. एकदा हे डोक्यात बसल्यावर ब्रह्मदेवाच्या बापालाही निघालं नसतं. मी माझ्या मोबाईलवर आईंचं चित्र घेऊन आले, यांच्यापुढं धरलं. तोंड फिरवलं. "चोरून आनलेला नको मला. माज्या हक्काचा कॅमेरा हाय, तो चालू करा."

दुसऱ्या दिवशी आईंना धाप लागली. डॉक्टर येऊन गेले, आता कुठं हलवू नका म्हणाले, आणि फी न घेता निघाले. त्यावरूनच आम्ही समजलो. मी घरी येऊन यांना सांगितलं, पाया पडले, ओरडले. हे टीव्हीच्या काळ्या पडद्यासमोर बसून राहिले.

थोड्या वेळानं आनंदादादा आमच्या पायरीशी येऊन उभे राहिले. त्या हळदीनंतर पहिल्यांदा. अंगात बनियन, दाढी वाढलेली, डोळे सुजलेले.

"प्रभ्या, चल. आय जाते रे."

हे खिडकीत गेले. "आदी कॅमेरा चालू कर."

"मी बंद केलाच नाय."

"मग दिसत कसा नाय?"

"मला काय ठाव? तू चल. तुजी आन माज्या डोक्यावर. नारळ मागून फोडू. म्हनशील तितके फोडू."

यांचा हात दाराच्या कडीकडं गेलेला मी बघितला. देवा, मला वाटलं सुटलो. त्यांनी कडीवर हात ठेवला आणि मागं वळून डब्याकडं बघितलं. सगळे दिवे नाचत होते.

"माज्याकडं सगळा चालू हाय," हे म्हणाले. "तू खोटा बोलतोस. आन मी मोडायची, तिला कायतरी झाला की गावानं म्हनायचा, प्रभ्यानं आयला मारली. कॅमेरा चालू कर. मला दिसू दे तिची हालत, आन उंबरा गेला खड्ड्यात, धावत येतो."

दादांनी खिडकीकडं बघितलं. मग पाठ फिरवून गेले. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथं सुंभ जळत होता आणि दोन्ही टोकांना दोघं पीळ घालत होते, असं मला तेव्हा वाटलं. खरं तर दादांनी पीळ सोडला होता. आमच्याच घरात कोणाला ते दिसलं नाही.

मी दादांच्या मागोमाग गेले. आईंच्या उशाशी जाऊबाई सुमती बसल्या होत्या, दादा पायाशी बसले. आईंचे डोळे कॅमेऱ्यावर होते. घशात घरघर लागली होती, तरी शब्द कळत होते.

"प्रभ्या बगतोय ना?"

जाऊबाईंनी माझ्याकडं बघितलं. दादांनी मान खाली घातली. मी आईंच्या कपाळावरचे केस मागं सारले आणि म्हटलं, "बगतायत, आई. टीवीच्या समोरच बसलेत." त्यातलं दुसरं वाक्य तर खरंच होतं, म्हणून ते जास्त खोटं वाटलं.

आईंनी हात वर केला. कॅमेऱ्याकडं बघून ओठ हलवले. आवाज आला नाही, पण मी रोज बघत होते, मला कळलं. हात थरथरायला लागला तेव्हा दादांनी तो अलगद धरून खाली ठेवला. भर दुपारची वेळ होती, बाहेर भंगारवाला ओरडत चालला होता. तो गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत आई गेल्या.

मी घरी आले. माझं तोंड बघून हे उठले. गल्ली ओलांडली आणि पायातल्या चपलांसकट उंबराही ओलांडला. जिच्या नावाची आन, तीच उरली नव्हती. आता त्यांना अडवणारं कोणी नव्हतं आणि जाऊन उपयोगही नव्हता.

स्मशानात बायका जात नाहीत, पण असल्या गोष्टी स्मशानातून घरी यायला वेळ लागत नाही. दादा पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन चितेभोवती फिरत होते. सगळा गाव उभा होता. हे मोठ्यानं म्हणाले, "यानं मला माज्या आयचं तोंड दिसू दिलं नाय. गावानं ध्यानात ठेवा." दादा थांबले नाहीत. मडकं गळत होतं, ते फिरत राहिले.

दुसऱ्या दिवशी प्राची आमच्याकडं आली. पुण्याहून निघाली होती, पण आजीचा चेहरा तिलाही दिसला नव्हता. रडून डोळे लाल झालेले. दारातूनच म्हणाली, "काकी, बाबांनी विचारलंय, काका जेवले का."

हे आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडले होते. शेजाऱ्यांनी आणून दिलेलं ताट तसंच झाकलेलं होतं. टीव्ही मात्र हॉलमध्ये चालूच होता, काळा. तो बंद करू द्यायचे नाहीत.

प्राचीची नजर डब्यावर गेली. ती जवळ गेली, वाकली. दिवे नाचत होते. तिनं खिळ्यावरच्या गुंडाळीला हात लावला, वायर बोटांतून सरकवत एका टोकाला गेली, मग दुसऱ्या टोकाला गेली.

"काकी, हे कोणी लावलं?"

मी जवळ गेले. "का गं?"

"दोन्ही टोकं एकाच डब्यात आहेत. इथून निघालेलं तिथून परत आत येतं, परत निघतं, परत येतं. गरगर फिरत राहतं. दुसऱ्या कशाला वाटच राहत नाही." ती खालीच बसली. "तुमचं बंद, आमचंही बंद. याच्यामुळं. आणि मी फोनवर सांगितलं, तुमच्याकडं ठीक आहे म्हणून."

तिनं टोक उपटलं. टक् झालं. नाचणारे दिवे शांत झाले, एकच मिचमिचत राहिला. आणि टीव्हीवर चित्र आलं.

रिकामी खाट. गादी काढून नेलेली. खाली जमिनीवर एक दिवा तेवत होता आणि त्याच्याजवळ मुंडण केलेले दादा भिंतीला टेकून बसले होते.

मागं बघितलं तर हे दारात उभे. कधी आले कळलं नाही. प्राची घाईघाईनं उठली. "काका, आमच्याकडचा राउटर आत्ता सुरू झाला वाटतं," म्हणाली. पोर किती गुणाची. पण यांची सगळी हयात पाइपांत गेली. कुठलं तोंड सोडलं की कुठं काय वाहायला लागतं, ते यांना कोणी शिकवायला नको. यांनी तिच्या हातातून ते टोक घेतलं.

"टाकीतून निघालेला पाइप फिरवून त्याच टाकीत सोडला मी," हे म्हणाले.

प्राची रडत रडत निघून गेली. मी म्हटलं, "उटा, जा दादांकडं. आत्ता सांगा. ते काय बोलनार नाहीत तुमाला." हे दारापर्यंत गेले. चपलेत पाय घातला, काढला. परत आले.

"सगळ्या गावासमोर बोललोय. काय तोंडानं जाऊ?"

मग बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "शेवटाला ती काय बोलली?"

हे मी कधीच सांगणार नव्हते. पण त्या घडीला खोटं बोलायची ताकद माझ्यात उरली नव्हती. "तुमी बगताय का, विचारला. मी सांगितला, बगतायत."

"मग?"

"मग तुमच्याकडं बगून हात वर केला. रोजच्यासारखा."

हे टीव्हीसमोर खुर्ची ओढून बसले. पडद्यावर दादा उठले, दिव्यात तेल घातलं, वात पुढं सारली आणि परत भिंतीला टेकले. त्यांना ठाऊक नव्हतं की आता इकडं दिसतंय.

यांनी हात वर केला.

"जेवलो गो आय," हे म्हणाले.

तिकडं आवाज जात नाही, हे त्यांना माहीत होतं. खाटेवर तर कोणी नव्हतंच. आणि आई गेल्यापासून ते जेवलेही नव्हते.